बारा फूट

"नेमकं किती फूट होतं ताई?" सौरवने विचारलं.

"बारा," मयुरा म्हणाली. "पलीकडचं छत हातभर खाली होतं."

सौरवने मांडीवर थाप मारली. "ऐकलं का गुंजन? आपण अठरा धरून बसलो! म्हणूनच लोक पडून राहिले."

सीताबर्डीच्या कापड दुकानांवर, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांची कंपनी होती. महिला इन्स्पेक्टरचा एक मारधाडीचा सिनेमा दोन वर्षांपूर्वी तुफान चालला होता. त्यावरून हे लोक टीव्हीला कन्सोल जोडून खेळायचा गेम बनवत होते. छतांवरून पळायचं, उड्या मारायच्या, आडवे येतील ते गुंड लोळवायचे. चाचणीला बसवलेल्या वीस जणांपैकी सतरा जणांनी तिसऱ्या लेव्हलला वैतागून कंट्रोलर खाली ठेवला होता. तिथं कामठीच्या एका बंद गिरणीची दोन छतं होती आणि त्यांच्यामधली ती प्रसिद्ध उडी. हैदराबादच्या भागीदारांनी कळवून टाकलं होतं, सोमवारपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर लेव्हलच काढा. आज शुक्रवार होता.

ती उडी चितारायला गुंजनने सिनेमा पुन्हा पुन्हा थांबवून पाहिला, तेव्हा तिला दिसलं की पळणारी बाई पोस्टरवरची नटी नव्हेच. फाइट मास्टरकडून तिने त्या बाईचा नंबर मिळवला. ती ही मयुरा. एरवी शाळेत खेळ शिकवणारी, एक दिवसाची रजा टाकून सकाळीच कामठीहून आली होती. अडतीस वर्षांची, शिडशिडीत, खुर्चीत बसली तरी पाठ ताठ.

सौरवने अंतर बाराचं केलं. "आता पाहा तुमी."

मयुराने आयुष्यात पहिल्यांदा कंट्रोलर हातात घेतला. पडद्यावरची इन्स्पेक्टर धावली आणि खाली पडली. पुन्हा धावली, पुन्हा पडली. सात वेळा तेच झालं. सौरव चुळबुळ करू लागला, पण मयुरा मात्र वैतागली नाही. ती समोरच्या छताकडे पाहतच नव्हती. तिची नजर त्या बाईच्या पायांवर होती.

"बटण सोडलं तरी ही काहून थांबत नाही गा?"

"तीन पावलं घसरते. वेग असते ना ताई."

"म्हणून पडते. बारा फूट कर का सहा कर, ही पडनच. हिले थांबताच येत नाही."

"हिरोईन आहे ते. थांबन कशी? सिनेमात तर एका दमात मारते उडी."

"एका दमात?" मयुरा मोकळेपणी हसली. "दोनदा काठावर थांबली होती मी. पह्यल्यांदा पाऊल चुकलं, दुसऱ्यांदा वारं आलं. मास्टर खालून वरडून राहिला होता. तिसऱ्यांदा गेली."

"हे तर कुठंच नाही त्याच्यात."

"कापलं ना ते. थांबलेली बाई लोकायले काहून दाखवतीन?"

गुंजन उठली. "ताई, करून दाखवता? मी मोबाइलवर घेते."

त्यांनी खुर्च्या सरकवल्या, फरशीवर रंगीत पट्टी चिकटवली. मयुराने चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि धावत येऊन पट्टीवर थांबली. गुंजनने चित्रण पाहिलं. काहीतरी कमी होतं, पण ते सांगायचं कसं, तिला कळेना.

मयुरालाच कळलं. "पट्टीले कोण भितं? चाल, बाहेर चाल."

बाहेर लांब व्हरांडा होता आणि त्याच्या टोकाला एकदम जिना. सौरवच्या ध्यानात आलं तसा तो आडवा आला. "ताई, नको. काही झालं म्हणजे?"

"बाजूले हो. पोरायले रोज शिकवते मी हे."

ती व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. श्वास घेतला. मग अनवाणी पावलांचा धपधप आवाज वाढत गेला, सौरवच्या अंगावरून वारा गेला, आणि तिने पहिल्या पायरीच्या काठावर स्वतःला रोखलं. गुडघे वाकलेले, भार टाचांवर, दोन्ही हात मागे फेकलेले, पायाची बोटं काठाबाहेर. खाली अठरा पायऱ्या. सौरवने कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. ती मात्र नुसती उभी होती.

"आलं?" तिने मागं न बघता विचारलं.

"आलं," गुंजन म्हणाली. तिने मोबाइल खाली घेतला.

गुंजनने दुपारचा डबाही उघडला नाही. आठ चित्रं काढली, सौरवने ती बटणाला जोडली. चार वाजता त्याने स्वतः खेळून पाहिलं. इन्स्पेक्टर धावली, काठावर थांबली, हात मागे फेकून तोल सावरला. दोन पावलं मागं आली आणि झेपावली. पलीकडच्या छतावर तिचे पाय टेकले तसा सौरव इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या विमा ऑफिसातला माणूस डोकावून गेला.

"सोमवार कशाले, आजच धाडतो!" त्याने कंट्रोलर मयुराच्या हातात दिला. "आता तुमी, ताई."

मयुराने इन्स्पेक्टरला पळवत काठावर आणलं आणि थांबवलं. पडद्यावरच्या बाईचा श्वास वरखाली होत होता. तिच्यापुढं छतांच्या पलीकडं गुंजनने चितारलेली कन्हान नदी होती, तिच्यावरचा रेल्वेचा पूल होता, पाण्यावर उतरतं ऊन होतं.

"मारा ना उडी!" सौरव म्हणाला.

"थांब गा जरासा," मयुरा म्हणाली. तिचा अंगठा बटणावरून बाजूला झाला होता. "तिथून नदी दिसते, हे तेव्हा मी पाह्यलंच नव्हतं."