गृहपाठाचा तास

सहावीच्या गणिताच्या बाई पार वैतागल्या होत्या. गृहपाठाच्या वह्यांत मुलांचं अक्षर औषधालाही सापडत नव्हतं. एका मुलीच्या वहीत तर अपूर्णांकाशेजारी कुणाच्या तरी कमरेचं माप लिहिलेलं होतं. तिचे बाबा शिंपी होते.

शेवटी बाईंनी सगळा कारभारच उलटा केला. पालकसभेत त्यांनी ठणकावून सांगितलं, "उद्यापासून शिकवणं घरी आणि गृहपाठ शाळेत! मुलं माझा धडा घरी मोबाइलवर बघतील. गणितं मात्र इथे वर्गात, माझ्या डोळ्यांदेखत सोडवायची. बघतेच आता कोण कुणाला मदत करतंय!"

आता कल्ला होणार, अशी तयारी ठेवूनच बाई उभ्या होत्या. पण फक्त त्या शिंपीदादांनी हात वर केला.

"बाई, हा गृहपाठाचा तास सकाळी किती वाजता असतो?"

पालक एवढा रस घेताहेत म्हटल्यावर बाईंचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी खडू घेऊन त्या वर्गापाशी आल्या आणि दारातच थबकल्या.

 

बाकांत गुडघे कोंबून बसलेले सगळे आईबाबा "गुड मॉर्निंग, बाई" म्हणत उठायची धडपड करत होते, आणि पहिल्या बाकावरून शिंपीदादा म्हणाले, "पोरं घरी तुमचा व्हिडिओ बघतायत. तुम्ही गणितं घाला पटापट, मला दुकान उघडायचंय!"