कोरा नमुना

“रक्ताच्या नळ्यांत सरमिसळ झाली आहे,” बाईंनी निकाल देऊन टाकला. “माझ्या प्रयोगशाळेत हे चालायचं नाही.”

तंत्रज्ञ मुलगी मान खाली घालून उभी राहिली. पडद्यावर दोन आलेख होते. एक रुग्ण असलेल्या थोरल्या बहिणीचा, तिचा रक्ताचा कर्करोग बरा होऊन पुन्हा उलटला होता. दुसरा तिच्या जुळ्या बहिणीचा. ही धाकटी ठणठणीत होती आणि लवकरच बहिणीला आपली अस्थिमज्जा देणार होती. दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशेजारी कोरा नमुना म्हणून लावायचे, हा बाईंचा जुना दंडक. सहकारी त्याला बाईंचे सोवळे म्हणत, अर्थात पाठीमागे.

आज कोरा नमुना कोरा नव्हता. थोरलीच्या आलेखातले उंच शिखर धाकटीच्या आलेखातही त्याच जागी उभे होते. बुटके, पण स्वच्छ.

शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या एका जातीत प्रत्येक पेशी घडताना आपल्या जनुकाचे तुकडे कापते आणि स्वतःच्या मर्जीने पुन्हा जोडते. हा जोड आईबापांकडून येत नाही. जुळ्या बहिणींतही तो सारखा निघत नाही. कर्करोग मात्र एकाच पेशीतून वाढतो, म्हणून साऱ्या रोगट पेशींवर तोच जोड असतो, अंगठ्याच्या ठशासारखा; आलेखातले शिखर त्याचेच. तो धाकटीत दिसला, म्हणजे थोरलीचे रक्त तिच्या नळीत गेले. बाईंच्या लेखी दुसरा अर्थच नव्हता.

त्या स्वतः सुई घेऊन वॉर्डात गेल्या. बाही वर करताना धाकटीने जाहीर केले की देणारी ती असल्यामुळे आजपासून ताईपणही तिचेच. थोरलीने पलंगावरूनच ही मागणी फेटाळली. नळीवर नाव बाईंनी लिहिले, नळी बाईंनीच वर आणली, तपासणीही त्यांनीच लावली. दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही.

शिखर जागचे हलले नव्हते. जोड अक्षरन् अक्षर तोच होता.

बाई तंत्रज्ञ मुलीकडे वळल्या. “चूक तुझी नव्हती,” त्या म्हणाल्या. असे वाक्य त्यांच्या तोंडून तिने कधी ऐकले नव्हते.

आता एकच वाट उरत होती. गर्भात दोघींना पोसणारी वार सामाईक असली, तर एकीचे रक्त दुसरीत फिरते. एकीत बिघडलेली पेशी दुसरीत जाऊन घर करते आणि वर्षानुवर्षे गप्प राहू शकते. तसे असेल, तर धाकटीचा रोग फक्त जागा व्हायचा होता.

बाई पुन्हा खाली उतरल्या. मुलींची आई चादर नीट करत होती.

“या दोघी झाल्या तेव्हा वार एकच होती का?”

आईचा चेहरा उजळला. तिला वाटले, बाई मज्जा जुळण्याबद्दल विचारत आहेत.

“एकच होती. म्हणून तर म्हणते, धाकटीचीच घ्या. पोटात असल्यापासून दोघींनी सगळं वाटूनच घेतलंय.”