सरस वितळेपर्यंत

नातीचा फाटलेला शब्दकोश शिवून झाला होता. आता पुस्तकाच्या पाठीला सरस लावायचा होता, आणि सरस गरम केल्याशिवाय लागत नाही. म्हातारा बाइंडर डबा मांडीवर घेऊन पडवीत बसला होता. बायको गेल्यापासून, म्हणजे सहा आठवडे, डबा तापलाच नव्हता. आतला हाडांचा सरस दगड झाला होता. ढवळायची काडी त्यात रुतून उभी होती.

सून दारात आली. "बाबा, आत गॅसवर ठेवा ना. मी काही म्हणणार नाही."

"बघू," तो म्हणाला आणि तिथेच बसून राहिला.

"आजोबा, उद्या इंग्रजीची परीक्षा आहे," नात म्हणाली. "आज होईल ना?"

"होईल."

"मग तोवर माझे शब्द ऐका. फ्लाउट. म्हणजे नियम धाब्यावर बसवणे."

"म्हणजे मोडणे."

"नुसतं मोडणं नाही हो. चोरून मोडला तर तो फ्लाउट नाही. ज्याचा नियम, त्याच्या नाकावर टिच्चून मोडायचा."

"आणि तो माणूसच उरला नसेल तर?"

नातीने वहीत पाहिलं. "मग कसं होईल? बरं, तुम्ही वाक्यात उपयोग करून दाखवा."

म्हाताऱ्याने डब्यावरची धूळ अंगठ्याने पुसली. "तुझी आजी म्हणायची, माझ्या स्वयंपाकघरात सरस आणायचा नाही. मी रोज आणायचो."

"झालं की वाक्य!" नात हसली. "मग आजी काय करायची?"

"काय करणार? तोंडाचा पट्टा सोडायची. दुधाशेजारी हाडं उकळताय, काही वाटतं का जिवाला? या डब्यासकट घराबाहेर काढीन एक दिवस! मी आपला ढवळत राहायचो. तिचं बोलून संपलं की समजायचं, सरस झाला. चाळीस वर्षांत मला घड्याळ लागलं नाही."

नातीने वही मिटली. आत भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला.

"बाबा!" सुनेचा आवाज आला. "तो डबा घेऊन आत पाऊल टाकायचं नाही, सांगून ठेवते!"

"अगं आई, आत्ताच तर तू..."

"तू गप्प बस!"

म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला आणि स्वयंपाकघरात गेला. पातेल्यात पाणी घेतलं, डबा त्यात ठेवला, सरसावर थोडं पाणी शिंपडलं आणि पातेलं गॅसवर चढवलं. अगदी दुधाला लागून. सुनेकडे त्याने पाहिलं नाही.

"दुधाशेजारी हाडं उकळताय बाबा," ती मागून म्हणाली, "काही वाटतं का जिवाला? एक दिवस या डब्यासकट तुम्हाला..."

पुढचं तिला म्हणता येईना.

म्हाताऱ्याने काडी हलवून पाहिली. हलली नाही.

"बोल गं," तो पाठमोराच म्हणाला. "अजून वितळला नाही."