जीभ झडत नाही

भागीआजीला टीबी असल्याचं कळलं, तसा तिच्या नवऱ्यानं, ढवळूनं, तिचा बिछाना पडवीत टाकला. तान्ह्या नातीला तर तिला हातही लावू देईना.

आज डॉक्टर स्वतः वांगणीला आले. "आजी, जुने रिपोर्ट आम्ही पुन्हा तपासतोय. तुम्हाला टीबी नाहीच. खोकला चुलीच्या धुराचा आहे. चूक माझी झाली."

भागीचा चेहरा फुलला. "मोठ्यानं बोल रं बाबा! आमच्या म्हाताऱ्याला आत ऐकू जाऊ दे. उभ्या जन्मात त्याच्या तोंडून 'चूक झाली' निघालं नाय. कळू दे त्याला, जीभ झडत नाय!"

"बहिरा नाय मी," म्हणत ढवळू बाहेर आला आणि त्यानं नातीला भागीच्या मांडीवर ठेवलं.

"घे. माझ्याकडं राहतच नाय ती."