अकरा फोटो

पोलिसांचा फोन आला तेव्हा कुंडलिकरावांना वाटलं, पोरगं पुन्हा गोळ्या घेताना सापडलं. चला, एकदाचं सापडलं, असंही वाटलं. दुधनीची सकाळची फेरी करून ते नुकतेच स्टँडवर उतरले होते. तिकिटाचं मशीन जमा केलं आणि कंडक्टरच्या खाकी कपड्यांतच सात रस्ता चौकाकडे निघाले. वाटेत कमरेचा पट्टा एकदा चाचपून पाहिला. या खेपेला चारचौघांसमोरच काढायचा, म्हणजे लाज वाटेल, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

गुरुबसप्पांच्या मेडिकलसमोर गर्दी होती. पायरीवर गुरुबसप्पांची बायको चंद्रव्वा बसली होती. आत फरशीवर रक्त होतं आणि कुणीतरी त्यावर जुने पेपर टाकले होते.

"हा नंबर तुमचाच ना काका?" फौजदारांनी काउंटरच्या काचेखाली बोट दाखवलं.

काचेखाली ऋतुराजचा फोटो होता. पोलीस भरतीच्या फॉर्मसाठी काढलेला. नीट भांग, गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट. खाली चिकटवलेल्या चिठोऱ्यावर कुंडलिकरावांचं अक्षर: 'माझा मुलगा. याला डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या देऊ नयेत, ही हात जोडून विनंती. वडील.' आणि मोबाईल नंबर. असे अकरा फोटो त्यांनी या भागातल्या अकरा मेडिकलांत स्वतः नेऊन दिले होते. अकराही जणांनी मान डोलावली होती. काचेखाली लावला तो एकट्या गुरुबसप्पांनी.

"नंबर माझाच हाय. काय केलं त्यानं?"

"त्यानंच केलं का, तेच विचारायचंय. सकाळी आठला ह्यांनी दुकान उघडलं. एक पोरगं आलं, गोळ्या मागितल्या, हे न्हाय म्हणाले. त्यानं चाकू काढला. सिव्हिलला नेईपर्यंत गेले." फौजदारांनी मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं. "वरून ऑर्डर होती कॅमेरा लावायची. दुकानदार चिठ्ठी बघून गोळ्या देतो का न्हाय, ते बघायला. त्यात हे आलंय."

त्यांनी मोबाईल पुढे धरला. चित्राला आवाज नव्हता. तोंडाला रुमाल बांधलेला मुलगा काउंटरवर हात आपटत होता. गुरुबसप्पा मान हलवत होते. मग त्यांनी काचेवर, बरोबर फोटोच्या जागी, बोट ठेवलं. दोनदा ठेवलं.

"ह्या बोटावरनं तुम्हाला बोलावलं," फौजदार म्हणाले. "पण ह्याचं डोकं बघा. अर्धं भादरलेलं. फोटोशी जुळत न्हाय. नीट बघून सांगा."

कुंडलिकरावांना नीट बघायची गरज नव्हती. रविवारी दाढीच्या मशीनने त्यांनीच ते डोकं भादरलं होतं, मुद्दाम अर्धंच. बाहेर पडायची लाज वाटावी म्हणून. पोरगं मांडी घालून गप्प बसलं होतं आणि त्याची आई मथुराबाई दारातून "बास की ओ आता, बास की" म्हणत होती. तीन दिवस तो खरंच घराबाहेर पडला नव्हता. अद्दल घडवली की पोरं सुधारतात, असं कुंडलिकराव कालच डेपोत छाती काढून सांगून आले होते.

हा माझा नव्हे, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यानं पोराला निदान एक दिवस मिळाला असता. शब्द ओठांपर्यंत आलेही होते. त्यांना पोराची कीव आली, आणि त्याहून जास्त स्वतःची आली, आणि त्याचीच लाज वाटली.

चंद्रव्वा पायरीवरून वळली.

"तुमचं पोरगं मागल्या आठवड्यात दोनदा आलतं," ती म्हणाली. "लई शिव्या दिल्या. मी म्हटलं, देऊन टाका, कशाला वाईटपणा घेता? तर म्हणाले, त्याच्या बापानं हात जोडलेत, कसं देऊ?"

कुंडलिकराव फौजदारांकडे वळले.

"माझाच हाय," ते म्हणाले. "डोकं मीच भादरलंय."

फौजदारांनी काच उचलून फोटो काढून घेतला. "ह्याच्या कॉप्या काढ, सगळ्या ठाण्यांना पाठव," ते हवालदाराला म्हणाले. "खालची बापाची चिठ्ठी तेवढी काढून टाक."

जबाब लिहून घेतल्यावर त्यांनी कुंडलिकरावांना बाहेर थांबायला सांगितलं. चंद्रव्वाच्या शेजारून पायरी उतरताना त्यांनी हात जोडायला उचलले आणि तसेच खाली सोडले.

रस्त्यापलीकडचा मेडिकलवाला मल्लिकार्जुन त्यांचीच वाट बघत असावा. रिक्षा चुकवत तो घाईघाईने अलीकडे आला. खिशातून त्यानं एक फोटो काढला. तोच, नीट भांग पाडलेला. ड्रॉवरमध्ये पडून राहिलेला, कोराकरकरीत. चिठोरं अजून खाली चिकटलेलं होतं.

"हा तुमच्यापाशी ठेवा काका." पोलिसांकडे एकदा बघून त्यानं आवाज आणखी खाली आणला. "माझं दुकान दहाला उघडतं, म्हणून तो सकाळी हितं आला असंल. पोरगं अजून मोकळंच हाय म्हणतात. भेटलं तर एवढं सांगा त्याला, मी कधीच न्हाय म्हटलेलं न्हाय."