विहिरीचं वावर

“वकीलसाहेब, मेलेल्या बाईले कोर्ट परवानगी देते काय?” बुलढाण्याच्या कोर्टाच्या पायरीवर उत्तमरावांनी विचारलं.

वकील नुसते हसले. अर्ज उत्तमरावांच्या पहिल्या बायकोच्या, मनकर्णेच्या नावानं आला होता. फारकतीच्या वेळी पंचांसमोर आपल्याला कबूल झालेलं विहिरीचं वावर मागायला उशीर झाला, तो माफ करून दावा दाखल करून घ्यावा. आता उशीर तरी किती? मधे महाराष्ट्र झाला, निवडणुका होऊन गेल्या, उत्तमरावांच्या मिशा पांढऱ्या झाल्या.

आणि मनकर्णा तर केव्हाच गेली होती. फारकतीनंतरच्या उन्हाळ्यात तिच्या माहेरी, जळगाव जामोदकडे पटकीची साथ आली. मोताळ्याच्या बाजारात कुणीतरी सांगितलं, तुमची पहिली मंडळी त्यात गेली. उत्तमराव खात्री करायला गेले नाहीत. खरं सांगायचं तर बातमी त्यांच्या सोयीची होती. वावर घरातच राहिलं.

पण ते पचेना. सांजेला विहिरीवर बांगड्या वाजत. वारा नसताना राहाट कुरकुरे. दुसरी बायको कोकिळा हिची दोन मुलं पाळण्यातच गेली, तेव्हा मात्र उत्तमरावांची पाचावर धारण बसली. भगतानं उपाय सांगितला. मनकर्णेचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवायचा. पितृपक्षात अविधवा नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची आणि त्या सवाष्णीच्या पायांवर डोकं ठेवून वावर कबूल करायचं. तिनं पदर हनुवटीपर्यंत ओढून घ्यायचा. तिचं तोंड पाहिलं तर घर बसलं.

मेलेलीच्या पाटावर बसायला गावातली एकही बाई धजेना. शेवटी कोकिळेनंच परगावची एक गरीब बाई शोधून आणली. मजुरीत विळा लागून डाव्या पायाची करंगळी गेलेली ती बाई दरसाल यायची, मुकाट जेवायची, लुगडं घेऊन निघून जायची. उत्तमराव भाऊबंदांदेखत तिच्या पाया पडत आणि घाबऱ्या आवाजात म्हणत, “विहिरीचं वावर तुझंच हाये बाई, मी नुसता राखणदार. लेकराइले सांभाळ.”

पुढची मुलं जगली. बांगड्याही थांबल्या. मग उत्तमरावांची भीड चेपली आणि यंदा त्यांनी वावर विकायला काढलं. लगोलग कोर्टाची नोटीस आली. त्या सांजेपासून विहिरीवर पुन्हा बांगड्या वाजू लागल्या, आणि त्यांना जेवण गोड लागेना. कोर्टात यायला निघाले तर कोकिळा म्हणाली, मीही येते, असल्या कज्ज्याला एकट्यानं जाऊ नये. त्यांना तेवढाच आधार वाटला.

पुकारा झाला. जजसाहेबांच्या टेबलासमोर एक बाई येऊन उभी राहिली. उत्तमरावांनी मनाचा हिय्या करून वर पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. मनकर्णा गोरी, भरल्या अंगाची होती. ही उन्हानं रापलेली, गालफडं बसलेली म्हातारी.

“साहेब, हे मनकर्णा नाई,” ते म्हणाले. “मनकर्णा मेली. तिचा टाक हाये माह्या देव्हाऱ्यात.”

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी बाईला विचारलं, खरी असशील तर इतकी वर्षं कुठे होतीस, उशीर कशामुळे झाला?

“उशीर कुठं झाला साहेब?” बाई उत्तमरावांकडे बोट करून शांतपणे म्हणाली. “यायनं नाई म्हनलंच नव्हतं. दरसाल चार मानसाइसमोर कबूल करत होते. यंदा वावर विकाले काढलं, म्हनून आली.”

“म्या कवा कबूल केलं तुले?” उत्तमरावांचा आवाज चढला.

मागच्या बाकावरून कोकिळा उठली आणि जाऊन त्या बाईच्या शेजारी उभी राहिली. मग त्या बाईनं पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला, लुगड्याचा काठ जरासा उचलला आणि करंगळी नसलेला डावा पाय पुढे केला. भर कोर्टात उत्तमरावांचे हात आपोआप जोडले गेले.