ठेवण्यासारखं काही

विसावं कपाट उघडून आनंदरावांनी चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला आणि पहिलं पुस्तक हातात घेतलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकेक पान उलटलं, पुस्तक मिटलं, खाली ठेवलं. दुसरं घेतलं.

टेबलापाशी बसलेल्या प्रतिभाताई बघत होत्या. बदलापूर पश्चिमेच्या या वाचनालयात त्या अठरा वर्षं ग्रंथपाल होत्या, पण पुस्तकाला इतक्या निगुतीनं हात लावणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

इमारत पाडणार होते. नवी जागा हिच्या निम्मी. म्हणून आठ वर्षांपेक्षा जुनी पुस्तकं महिनाअखेर रद्दीत द्यायची, असं कार्यकारिणीनं ठरवलं. दोन हजार सहाशे पुस्तकं. दारावर यादी लागली त्याच दिवशी आनंदराव जिना चढून आले. अंबरनाथ एमआयडीसीतल्या औषधाच्या कारखान्यात गोळ्यांच्या पट्ट्या तपासून निवृत्त झालेले.

"जाण्याआधी एकेक बघू द्या," ते म्हणाले. "ठेवण्यासारखं काही निघालं तर बाजूला काढतो. पगार नको."

अध्यक्षांनी एक रॅक मोकळा करून दिला. त्यावर जेवढी बसतील तेवढी वाचतील. प्रतिभाताईंचा सगळा जीव त्या रॅकवर होता. तीन आठवडे झाले, रॅक रिकामाच.

"एवढ्यांत एकही नाही?" त्यांनी आज विचारलंच.

"अजून तरी नाही, ताई."

"कारखान्यातही असेच होता का? सगळा माल रिजेक्ट?"

आनंदराव हसले. "तिथं चूक शोधायची असायची."

"आणि इथं?"

त्यांनी पान उलटलं.

जुन्या इमारतीच्या निरोपाची छोटी स्मरणिका निघणार होती. वाचनालयात काम करण्यात आनंद का वाटतो, यावर प्रत्येकानं दोन ओळी द्यायच्या होत्या. प्रतिभाताईंच्या लिहून झाल्या होत्या. त्यांनी वाचून दाखवल्या. "'पुढच्या वाचकाला पान कोरं मिळतं, जणू त्याच्याआधी तिथं कुणी आलंच नव्हतं. ते पान बघितलं की शीण जातो.' कसं वाटतंय?"

आनंदरावांचा हात थांबला. "कोरं म्हणजे?"

प्रतिभाताईंनी ड्रॉवरमधून खोडरबर काढला. झिजून चिंचोक्याएवढा झालेला.

"परत आलेलं प्रत्येक पुस्तक मी संध्याकाळी तपासते. काय काय लिहितात लोक. एका काकांनी नाटकाच्या पुस्तकात पानभर सुनेची गाऱ्हाणी लिहिली होती. आणि एक मुलगी यायची, बारावीची. विज्ञानाची पुस्तकं न्यायची आणि कडेला बारीक पेन्सिलनं भरून आणायची. एकदा चांगली झापली तिला. म्हटलं, बापाचं पुस्तक आहे का गं?"

"मग?"

"मग काय, हसली. म्हणे, बाबांना पुस्तक उघडायला वेळच नसतो. पुढच्या खेपेला परत तेच."

"काय लिहायची?"

"वाचत कोण बसलंय? पुसलं. हात हलका होता पोरीचा, एका फटक्यात जायचं."

"सगळं?"

"माझ्याकडून काही राहत नाही, आनंदराव."

"एखादं राहत असेल."

"काढून दाखवा," प्रतिभाताई म्हणाल्या. त्यांना मनापासून बरं वाटलं होतं. त्यांच्या या कामाबद्दल आजवर कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आनंदराव खिडकीशी बसू लागले. पान उजेडात तिरकं धरायचे, डोळे बारीक करून कडा न्याहाळायचे. डबा तसाच परत न्यायचे.

"मोतीबिंदू असेल," प्रतिभाताई म्हणाल्या. "दाखवून घ्या."

शेवटच्या दिवशी उल्हासनगरच्या रद्दीवाल्याचा टेम्पो खाली लागला. शेवटचं पुस्तक मिटून आनंदराव उठले. रॅकवर नुसती धूळ होती.

प्रतिभाताईंना राहवलं नाही. "दोन हजार सहाशेंत एकही ठेवावंसं वाटलं नाही? तुमच्या भरवशावर बसले होते मी. पुस्तकांची एवढी माया दाखवलीत ती कशासाठी?"

आनंदरावांनी खिशातून चौघडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "स्मरणिकेसाठी. दोन ओळींपेक्षा जास्त झाल्या." आणि कठड्याला धरून जिना उतरले.

प्रतिभाताईंनी कागद उघडला. अक्षर गोळ्यांसारखं सुटं, एका मापाचं.

'आमची तेजल तुमच्याकडून विज्ञानाची पुस्तकं आणायची. ती गेली, आणि पुढच्या वर्षी पुराच्या पाण्यात तिच्या वह्याही गेल्या. तुमचं वाचनालय वरच्या मजल्यावर, म्हणून इथं तिच्या हातची एखादी ओळ मिळेल असं वाटलं होतं. सगळी पुस्तकं बघितली. ताई, तुमचं काम फार स्वच्छ आहे.'